अर्धं वाक्य माझं

एकतीस वर्षं मी रत्नागिरीतल्या मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत वर्गात इंग्रजीचं एकही वाक्य पुरं बोलले नाही. नोकरीत असताना कुणी हे मला तोंडावर म्हटलं असतं तर त्याला मी व्हरांड्यात उभं केलं असतं. आता मीच म्हणते आहे, कारण आता उभं करायला कुणी उरलेलं नाही.

आमची पद्धतच तशी होती. अर्धं वाक्य बाईंचं, अर्धं वर्गाचं. मी "मेक अ" म्हणून थांबायची आणि भुवया वर करायची, की पासष्ट मुलं एका सुरात "मिस्टेक" म्हणून बाक हलवायची. "डू युअर" म्हटलं की "होमवर्क". "टेक अ डीप" म्हटलं की "ब्रेथ". मागच्या बाकावरचा जो पोरगा नुसतं तोंड हलवतोय तो मला दिसायचा, पण त्याचंही तोंड योग्य वेळी हलायचं, त्यामुळे मी सोडून द्यायची. मला माझ्या बाईंनी असंच शिकवलं होतं आणि त्यांना त्यांच्या मास्तरांनी. शेजारच्या वर्गात इतिहासही असाच चालायचा. शिक्षकाने वाक्य अर्ध्यावर सोडायचं आणि पोरांनी ते झेलायचं, यालाच आमच्याकडे वर्ग जिवंत आहे असं म्हणत.

या इंग्रजी क्रियापदांचं दुखणं काय आहे ते सांगायला हवं. आपलं एक 'करणं' सगळीकडे चालतं. अंघोळ करतो, स्वयंपाक करतो, लग्न करतो, चूक करतो, फोन करतो, गोंगाट करतो. बिचारं तक्रार न करता सगळ्यांच्या घरी राबतं. इंग्रजीत मात्र प्रत्येक शब्दाचं लग्न आधीच ठरलेलं. चूक आणि गोंगाट 'मेक'च्या घरी द्यायचे, गृहपाठ आणि भांडी 'डू'च्या, अंघोळ 'टेक'च्या, डोकेदुखी 'हॅव'च्या. पत्रिका कुणी जुळवली, विचारायची सोय नाही. एकदा नववीतल्या एका पोराने उभं राहून विचारलं होतं, चूक 'डू' केली तर काय बिघडतं. मी त्याला म्हटलं, साहेबाला विचारून ये, आणि खाली बसवलं. वर्ग हसला. त्याचा प्रश्न रास्त होता आणि मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी त्याला हसण्यावारी नेलं.

निवृत्तीनंतर असले निकामी विचार फार सुचतात. मग लक्षात आलं की आपण तरी काय कमी आहोत. आपण मार खातो, भाव खातो, दुसऱ्याचं डोकं खातो आणि मांडवीच्या जेटीवर जाऊन हवा खातो. आपल्याला भूक लागते, ऊन लागतं, नजर लागते आणि राजापूरच्या एसटीत बसलं की घाटात गाडी लागते. या 'लागण्या'चा तक्ता माझ्या आईने कधी भिंतीवर टांगला नव्हता. ती फक्त बोलत होती आणि मी ऐकत होते. पण हे मला सुचलं तेव्हा माझ्या हाताखालून हजारो पोरं निघून गेली होती.

माझा मात्र तक्ता होता. चित्रकलेच्या सरांकडून तपकिरी कागदावर रंगवून घेतलेला, चार रकान्यांचा. मेक, डू, टेक, हॅव. मेकच्या रकान्यात पहिल्याच ओळीला 'मिस्टेक'. निवृत्त झाले त्या दिवशी शाळेने मला श्रीफळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. तक्ता मी स्वतःच काढून गुंडाळी करून घरी आणला. माझ्या विषयात कधी कुणी नापास झालं नाही, याचा मला माज होता. होता म्हणते, कारण तो उतरला कसा तेच सांगायला बसले आहे.

तीन वर्षांपूर्वी साखर वाढून मला एका खाजगी दवाखान्यात ठेवलं होतं. माझी शीर सापडत नाही म्हणून दोन पोरींनी हात चाळणी करून ठेवला होता. मग तिसरी आली, तिशी ओलांडलेली, डोक्याला नीट स्कार्फ बांधलेली. तिने माझा हात उलटा केला, दोनदा चापटी मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "टेक अ डीप…"

मी सवयीने म्हटलं, "ब्रेथ." तेवढ्यात सुई आत गेली होती.

माझीच विद्यार्थिनी. तिसऱ्या बाकावर बसायची आणि वर्गात सगळ्यात मोठा आवाज तिचा असायचा. माहेर हर्ण्याचं, पण लहानपणापासून मामाकडे इथल्या राजिवड्यात राहून शिकली आणि लग्नही तिथेच झालं. मी घरी आल्यावरही ती येत राहिली. कधी साखर तपासायला, कधी हर्ण्याहून आलेले सुक्या कोळंबीचे सोडे द्यायला. तिच्या माहेरचे सोडे आमच्या बाजारातल्यापेक्षा गोड असतात हे मलाही मान्य आहे.

तिचा नवरा आखातात क्रेन चालवतो. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात गेला, तो दर दोन वर्षांनी महिनाभर येतो. मुलगी नऊ वर्षांची. त्या मुलीची एक गोष्ट तिने मला सांगितली होती, तीही हसत हसत. मुलगी चार वर्षांची असताना बाप सुट्टीवर आला. ती त्याच्याजवळ जाईना. आरे-वारेच्या किनाऱ्यावर फिरायला नेलं तर गाडीत आईच्या कुशीत तोंड लपवून बसली. घरी आल्यावर मात्र आईचा फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि बाहेर पडवीत बसलेल्या बापाला व्हिडिओ कॉल लावला. मग अर्धा तास दोघं बोलत बसले, मधे एक भिंत ठेवून. सांगता सांगता तिचं हसू थांबलं आणि ती माझ्या औषधांच्या पट्ट्या लावायला लागली.

म्हणून तिला आयर्लंडला जायचं होतं. तिकडे परिचारिका हव्या असतात, नोकरी लागली की काही महिन्यांनी नवरा-मुलीला नेता येतं. तिला तिकडचा बर्फ बघायचा नव्हता की तिकडचा पगार मिरवायचा नव्हता. तिघांनी एका घरात राहायचं, एवढंच. इंग्रजीची परीक्षा ती दुसऱ्या खेपेला काठावर पास झाली. त्यात बोलायच्या भागात हातात एक कार्ड देतात आणि कशावर बोलायचं ते मुद्द्यांनी छापलेलं असतं, त्यामुळे निभावलं. आता राहिली होती तिकडच्या हॉस्पिटलची मुलाखत, कॉम्प्युटरवर. मुंबईच्या एजंटने स्पष्ट सांगितलं होतं की पस्तिशीपर्यंतचेच अर्ज ते पुढे पाठवतात. नोव्हेंबरात तिला पस्तीस पुरी होणार होती. मुलाखत होती मेमध्ये.

मार्चमध्ये ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, बाई, तयारी करून घ्या. मला काय आनंद झाला ते सांगत नाही. कपाटामागची गुंडाळी काढली, झटकली आणि बाहेरच्या खोलीत तक्ता टांगला. झुरळांनी डावा कोपरा खाल्ला होता, तरी चारही रकाने शाबूत होते.

दोन महिने ती ड्युटी संपवून चार वाजता यायची. मी सुरुवात करायची, ती पुरं करायची. मेक अ कम्प्लेंट, मेक शुअर, मेक द बेड. डू युअर बेस्ट, डू हार्म, डू अ फेवर. टेक द टेम्परेचर, टेक द ब्लेम, टेक युअर टाइम. तिच्या कामाचे शब्द मी मुद्दाम घातले होते. चूक व्हायची नाही. शेजारीण कुंपणाच्या गडग्यावरून ऐकायची आणि म्हणायची, काय गो फाडफाड बोलते ही. मला बरं वाटायचं.

एप्रिलच्या मध्यावर मी पहिल्यांदा खरी मुलाखत असल्यासारखा प्रश्न विचारला. रुग्णाने औषध घ्यायला नकार दिला तर तू काय करशील, असं काहीसं. ती गप्प. प्रश्न कळला होता, उत्तरही माहीत होतं, ते आम्ही दहादा घोकलं होतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आय वुड." त्यासरशी ती सुटली, सलग आठ-दहा वाक्यं बोलली आणि थांबली. पुढचा प्रश्न विचारला, परत तेच.

"मला येतं हो बाई," ती म्हणाली, "पण सुरुवात होत नाय. तुमी पहिला शब्द दिलात की सगळं येतं."

मला तेव्हाच थांबायला हवं होतं. तक्ता गुंडाळून ठेवायला हवा होता आणि तिला हव्या त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू द्यायला हवं होतं. हे मला तेव्हा कळलं नाही असंही नाही. एक-दोनदा ठरवलं की प्रश्न विचारायचा आणि तोंड बंद ठेवायचं. पण वर्गात चार सेकंद शांतता पसरली की शिक्षक ती भरायला धावतो. आपल्याला शिकवता आलं नाही, असं ती शांतता सांगत असते. मला ती सोसायची नाही. मग मी म्हणायची "आय वुड", ती सुटायची आणि दोघींना वाटायचं की आजचा अभ्यास झाला.

मुलाखत दुपारी अडीचला होती. तिच्या घरी शेजारीपाजारी, भांड्यांचे आवाज आणि नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून माझ्याकडे घ्यायची ठरली. माझ्याकडे भाच्याने दिलेला लॅपटॉप आहे आणि केबलवाल्याचं इंटरनेट आहे. ती दीड वाजताच आली. पांढरा इस्त्रीचा ड्रेस, गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र. एजंटने सकाळीच फोन करून बजावलं होतं की खोलीत एकटीने बसायचं, दुसरं कुणी नको. मी चप्पल घालून बाहेर जायला निघालेच होते.

ती म्हणाली, "बाई, तुमी समोर बसा ना. काय बोलू नका. नुसत्या बसा."

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. परीक्षेच्या बाबतीत माझ्यासारखी कडू बाई जिल्ह्यात नव्हती. पायपुसण्याखालची चिठ्ठीसुद्धा मी शोधून काढायची. एका मुलीने तळहातावर लिहिलं होतं म्हणून तिचा पेपर काढून घेतला होता आणि तिच्या आईने पाया पडूनही परत दिला नव्हता. ती मी, चप्पल काढून परत आत आले. तिने आग्रह केला हे खरं, पण मी तिच्यासाठी बसले असं म्हणणं अर्धंच खरं होईल. मला माझी विद्यार्थिनी साहेबाच्या देशातल्या लोकांशी बोलताना बघायची होती. आयुष्यभर जे शिकवलं ते कुठेतरी खरोखर चालतं का, हे मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. मी टेबलाच्या पलीकडे, लॅपटॉपच्या पाठीमागे स्टूल ओढून बसले. तिला मी दिसत होते, त्यांना दिसत नव्हते. त्या दिवशी नेमकी लाईट गेली नाही.

मुलाखत घेणाऱ्या एक मॅडम होत्या. मला फक्त आवाज येत होता. आवाज मऊ होता आणि त्या सावकाश बोलत होत्या, म्हणजे माणूस चांगलं असणार. नाव, शिक्षण, अनुभव, इथवर सगळं सुरळीत झालं, कारण त्याची सुरुवात पाठ होती. मग त्यांनी विचारलं, तुमच्या हातून वॉर्डमध्ये कधी काही चुकलं आहे का आणि तेव्हा तुम्ही काय केलंत.

तक्त्यातली पहिली ओळ. मेकच्या रकान्यातली अगदी पहिली. ती ओळ ज्या पोरीने बाक हलेपर्यंत ओरडून म्हटली होती ती माझ्यासमोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचे हात टेबलाखाली होते, पण ओढणीचं टोक हलत होतं ते मला दिसलं. चार सेकंद झाले. सहा झाले. पडद्यावरच्या मॅडम म्हणाल्या, टेक युअर टाइम. तिसऱ्या रकान्यातली ओळ, मला ऐकू आली आणि अशा वेळीही बरी वाटली. मी आवाज केला नाही. फक्त ओठ हलवले, "आय मेड."

"आय मेड अ मिस्टेक," ती म्हणाली आणि पुढची पाच वाक्यं धडाधड आली. पाठ केलेली, स्वच्छ, एकही चूक नसलेली. मी खूष झाले. दुसरा प्रश्न आला, पुन्हा तिची नजर लॅपटॉपवरून माझ्याकडे आणि पुन्हा माझे ओठ. तिसऱ्या वेळी मॅडमनी तिला वाक्याच्या मध्येच थांबवलं. आवाज तितकाच मऊ होता. त्यांनी विचारलं, तुमच्याबरोबर खोलीत कुणी आहे का.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. एक क्षणही घेतला नाही.

"यस, मॅडम," ती म्हणाली. "माय टीचर इज हिअर. शी इज हेल्पिंग मी."

दोन महिन्यांत तिने कुणी पहिला शब्द न देता आणि पाठ न करता बोललेली ही पहिली वाक्यं. पुरी, सरळ आणि खरी. मी मान खाली घातली.

मॅडमनी मला समोर बोलावलं. मी उठून तिच्या खुर्चीमागे गेले. पडद्यावर पिकल्या केसांची, माझ्याच वयाची बाई होती. मागे खिडकी होती आणि खिडकीत पाऊस पडत होता. त्या माझ्याशी बोलल्या. मला त्यातला शब्दन् शब्द कळला. शिक्षिकेने इतकी माया लावावी हे छान आहे, म्हणाल्या, पण नियम सगळ्यांना सारखे आहेत, तुम्ही कृपा करून बाहेर जाल का. आणि मला काय बोलायचं आहे तेही माझ्या डोक्यात स्वच्छ होतं. ही चूक माझी आहे, हिची नाही. हिने फक्त माझं ऐकलं. हिच्यावर राग धरू नका. दोष मी घेते, टेक द ब्लेम, तिसरा रकाना, मी स्वतः सरांकडून रंगवून घेतलेली ओळ.

तोंडातून काही निघालं नाही. एकतीस वर्षं पासष्ट-पासष्ट पोरांना पहिला शब्द वाटला आणि माझ्या वेळेला द्यायला कुणी नव्हतं. इंग्रजी ज्याचं आहे अशा माणसाशी मी जन्मात पहिल्यांदा बोलत होते. मी म्हटलं, "यस. सॉरी. थँक यू." आणि लॅपटॉपला हात जोडून बाहेर आले.

खिडकीखाली कपडे धुवायचा दगड आहे, त्यावर बसले. मेचं ऊन, दगड भाजत होता, पण तिथेच बसून राहिले. आत बराच वेळ काही ऐकू येईना. मला वाटलं, संपलं. मग तिचा आवाज आला.

"आय डिड मिस्टेक, मॅडम. आय डिड बिग मिस्टेक."

मी खिडकीची जाळी पकडली. डिड नव्हे गो, मेड. पण ती पुढे निघाली होती. एका आजोबांचं इंजेक्शन द्यायला उशीर झाला त्याची ती गोष्ट होती, मी कधी न ऐकलेली. पाठ केलेल्या उत्तरातली चूक मी रचून दिली होती, ही तिची स्वतःची होती. आय टोल्ड टू सिस्टर, म्हणाली. आय टोल्ड टू डॉक्टर. ग्रँडफादर इज अँग्री, आय सिट विथ हिम वन अवर, आय से सॉरी, देन ही लाफ. एकही क्रियापद जागेवर नव्हतं. भूतकाळ, वर्तमानकाळ, सगळे रकाने उधळलेले. मी दगडावर बसून एकेक शब्द तोंडातल्या तोंडात दुरुस्त करत होते. आतून मॅडमच्या हसण्याचा आवाज आला, मग त्यांचा पुढचा प्रश्न आणि तिचं उत्तर, पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. वीस मिनिटं ती बोलत होती. मला आनंद झाला असं लिहायला आवडलं असतं. मला राग येत होता. माझं शिकवलेलं सगळं ती मोडत होती आणि त्याशिवाय तिचं चाललं होतं.

बाहेर आली तेव्हा ड्रेस पाठीला चिकटला होता आणि चेहरा उजळला होता. म्हणाली, "बाई, चुका पुष्कळ झाल्या. पण बोलले हो मी." मी तिला पाणी दिलं. चुका सांगायला तोंड उघडलं होतं, मिटलं.

मुलाखतीसाठी तिने तिचा मेल माझ्या लॅपटॉपवर उघडला होता, तो बंद करायचा राहून गेला. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत हे मी मुलांना नागरिकशास्त्राच्या तासालासुद्धा सांगितलं आहे. तरी रोज सकाळी चहा घेताना मी तो उघडून बघायची. बाराव्या दिवशी पत्र आलं होतं.

छोटंच होतं. उमेदवाराचं कामाचं ज्ञान चांगलं आहे, संभाषण समाधानकारक आहे आणि एरवी निवड करायला मंडळाला आनंद झाला असता. मात्र मुलाखत चालू असताना दुसरी व्यक्ती उपस्थित राहून उत्तरं सुचवत होती, त्यामुळे नियमानुसार अर्ज बाद करावा लागत आहे. फेरविचार होणार नाही.

मी ते चार वेळा वाचलं. संभाषण समाधानकारक. म्हणजे ती आजोबांची गोष्ट, आय सिट विथ हिम, देन ही लाफ, ते पास झालं होतं. नापास मी झाले होते आणि शिक्षा तिला होती. उठून काहीतरी करावं असं वाटलं, त्या मॅडमना पत्र लिहावं, एजंटला फोन करावा. लिहायला बसलेही. दोन तासांत तीन ओळी झाल्या, त्या इतक्या शुद्ध होत्या की माझ्याच अंगावर काटा आला. शेवटच्या ओळीत त्यांनी सांगितलंच होतं, फेरविचार होणार नाही. मग मी ते पत्र पुन्हा न वाचलेल्यासारखं करून ठेवलं. तेवढं मला येतं.

दोन दिवसांनी ती संध्याकाळी आली. हातात कागदात बांधलेले सोडे. पडवीत चप्पल काढता काढताच म्हणाली, "बाई, त्यांच्या जागा भरल्या. मेल आला. आपलं काय वाईट झालं नव्हतं, पण जागाच नाय तर काय करणार."

ज्या बाईला मुलाखतीत एक खोटा शब्द बोलता आला नाही, ती माझ्यासमोर उभी राहून इतकं सरळ खोटं बोलत होती. तिला इंग्रजी वाचायला मी शिकवलं आहे, तिने ते पत्र नीट वाचलं होतं यात शंका नाही. तिने मला वाचवायचं ठरवलं होतं.

मला बोलायचं होतं. त्यासाठी इंग्रजीची गरज नव्हती. 'माझ्यामुळे झालं' एवढं म्हणायचं होतं, माझ्या आईच्या भाषेत, जिच्यात मला कधी तक्ता लागला नाही. मी म्हटलं, "असं का. बस, चहा ठेवते."

चहा पिताना तिने सांगितलं की नवऱ्यालाही तेच सांगितलंय. तो म्हणाला, असू दे, पुढच्या वर्षी डिसेंबरात सुट्टी आहेच. मुलगी मात्र दोन दिवस जेवली नाही, कारण तिने शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मी सोडे डब्यात भरायला आत गेले. परत आले तेव्हा ती कप विसळून निघायच्या तयारीत होती.

फाटकापाशी वळून म्हणाली, "बाई, माझ्या पोरीचं इंग्रजी बघाल? इंग्लिश मीडियमला हाय, पण बोलत नाय. तुमच्याकडे आली की माझी काळजी गेली."

नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं, पाठव.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मुलगी एका सोमवारी आली. दोन वेण्या, आईसारखेच डोळे. तक्ता मी आदल्या दिवशीच काढून गुंडाळून ठेवला होता आणि मनाशी पक्कं केलं होतं की हिला पहिला शब्द द्यायचा नाही, काय वाटेल ते झालं तरी. तिला समोर बसवलं आणि इंग्रजीत विचारलं, आज शाळेत काय काय केलंस. मग तोंड मिटलं आणि हात मांडीवर ठेवले.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शाळेने दिलेल्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. बाहेरून मासेवाली ओरडत गेली. मुलीने फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली, मग सोडलं, मग पुन्हा गुंडाळलं. मी थांबले. खरंच मला जमेल तितकी थांबले. घड्याळाप्रमाणे ते पुरतं अर्धं मिनिटही नव्हतं.

"मेक अ," मी म्हटलं.

"मिस्टेक," ती खणखणीत आवाजात म्हणाली आणि हसली. तिच्या आईने तिला घरून शिकवून पाठवलं होतं.